नारबोदचा सांगाडा

गेल्या भादव्यात टोल्यात शिरलेलं पाणी कधीच ओसरलं होतं, पण आम्रपालीच्या घरातून त्याचा वास काही जायचं नाव घेत नव्हता. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट रेघ उमटली होती. चुना लावून लावून ती थकली, तरी पावसाळी हवा आली की रेघ पुन्हा वर यायची आणि सोबत तो वासही: कुजलेला पेंढा, शेण, मेलेली घूस आणि दुसऱ्यांच्या घरातली घाण. या शेवटच्या वासाचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा. आपली घाण माणूस नाक दाबून सहन करतो. दुसऱ्यांची का म्हणून करायची?

कवलीटेका हे बालाघाटहून कटंगीकडे जाणाऱ्या वाटेवरचं गाव, नावाप्रमाणे टेकावर वसलेलं. देऊळ वर, शाळा वर, सरपंचाचं दुमजली घर आणि नवं सामुदायिक भवनही वर. बौद्धांचा टोला, म्हणजे वस्ती, तेवढा खाली, सडकेला लागून खोलगट जागेत. टेकावरचं आणि धानाच्या बांध्यांतलं सगळं पाणी टोल्याच्या अंगावरून येतं आणि सडकेखालच्या पुलियातून नदीकडे जातं. पुलिया म्हणजे सिमेंटचे दोन नळे. ते मोकळे असले तर पाणी जातं, तुंबले तर टोल्याचं तळं होतं. हे कळायला फार मोठं डोकं लागत नाही, पण गावाने ते कधी कळून घेतलं नव्हतं.

गावाची शीव त्या पुलियाशी. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावाची नारबोद तिथेच यायची. बांबूच्या सांगाड्यावर गवत बांधून केलेली बाई, तिला जुनं लुगडं, जुना पोलका, वर काजळाचे डोळे. ढोल वाजवत, खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद, असं ओरडत सारं गाव तिला हाकलत आणायचं. सोबत पोळ्याच्या संध्याकाळी दारोदार ठेवलेल्या पळसाच्या फांद्या, मोडके झाडू, फुटकी सुपं, आजारी माणसाच्या अंगाखालच्या गोधड्या. सगळं पुलियाच्या तोंडाशी फेकायचं आणि घरी जायचं. जाताना मागे वळून पाहायचं नाही, हा कडक नियम. वळून पाहिलं तर पीडा पाठोपाठ घरी येते म्हणतात. तेव्हा पीडेने कुठे राहायचं ते ठरलेलं होतं. ती राहायची टोल्यात.

आम्रपाली शिवणकाम करायची. वरच्या आळीतल्या बायका पोलक्याची कापडं तिच्याकडे धाडायच्या, कारण तिच्यासारखी बाही अख्ख्या गावात कोणाला बसवता येत नव्हती. तिच्या हातचा पोलका अंगाला चालायचा, तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. त्यावर हसावं की रडावं हे ठरवायचं तिने फार पूर्वी सोडून दिलं होतं. गेल्या वर्षी मात्र नळ्याच्या तोंडातून चिखलाचे गोळे उपसताना तिच्या हाताला एक चिंधी लागली आणि त्यावरचा टाका तिने ओळखला. टाका तिचाच होता. चंपाबाईच्या, म्हणजे सरपंचाच्या आईच्या, जांभळ्या पोलक्याचा. तिने शिवलेला पोलका नारबोदला घालून तिच्याच दारात फेकला होता. 

तेव्हा निदान सासू चालती-फिरती होती. रुख्माबाई म्हणजे काठीसारखी कडक बाई. गेल्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यातून ती काठी टेकत स्वतःच्या पायांनी वर गेली होती. सामुदायिक भवनात टोल्याला आसरा दिला होता, पण आत नाही, ओट्यावर. तिथे चपला काढतात. बुढी त्या चपलांमध्ये उकिडवी बसून राहिली आणि पाणी ओसरल्यावर घरी येऊन एवढंच म्हणाली, "मले पुन्हा त्या भवनात नेऊ नोको वं. पाण्यात मेली तं चालन."

यंदा उन्हाळ्यात ती अंगणात पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. बालाघाटच्या डॉक्टरांनी या वयात ऑपरेशन नको म्हटलं. तेव्हापासून ती आम्रपालीच्या लग्नातल्या लोखंडी दिवाणावर पडून होती. नवरा महेंद्र नागपूरला मिस्त्रीकामावर. पाणी आलं तर बुढीला उचलायचं कोणी आणि कसं, या विचाराने आम्रपालीची झोप उडाली होती. बाकी घर बुडालं तर बुडो. शिवणाची मशीन गेली तर दुसरी येईल. सासू दुसरी येणार नव्हती.

पोळ्याच्या आधी गावात एक शिबिर झालं. आपत्ती म्हणजे काय, लोकांना तिचा फटका का बसतो, असा विषय. बालाघाटच्या एका संस्थेचा अनुराग नावाचा माणूस आला होता. शहरातल्या जुन्या नोकरदार मराठी घरातला, नीटनेटका, गोड बोलणारा. तो म्हणाला, पाऊस ही आपत्ती नाही. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. कोण बुडणार हे पावसाच्या आधीच ठरलेलं असतं, आणि ते माणसं ठरवतात. आम्रपालीने मान वर केली. बाहेरून येणाऱ्या साहेबांपैकी शहाण्यासारखं बोललेला हा पहिलाच, असं तिला वाटलं.

मग त्याने देवळासमोरच्या सिमेंटच्या पटांगणावर रांगोळीने गावाचा नकाशा काढायला लावला. बायका हौसेने बसल्या. देऊळ काढलं, शाळा काढली, चैतराम सरपंचाचं घर तर गच्चीवरच्या टाकीसकट काढलं. भवनावर हिरवा रंग टाकून सुरक्षित जागा म्हणून लिहिलं. नाला काढता काढता पटांगण संपलं. पुढे पायरी, आणि पायरीखाली सगळ्यांच्या चपला. टोला राहिला, असं आम्रपाली म्हणाली. अनुराग जरा गोंधळला. मग कोणीतरी पायाने दोन-चार चपला बाजूला सारल्या आणि तिथे मातीत एक वाटोळं ओढलं. झाला टोला. अनुरागने त्याचाही फोटो काढला.

आम्रपालीला त्या वाटोळ्याकडे पाहवेना. तरी ती उठून बोलली, कारण बुढी दिवाणावर पडली होती आणि पोळा तोंडावर होता. ती म्हणाली की यंदा नारबोद पुलियात टाकू नका. गावाच्या वरच्या अंगाला आमराईजवळ मोकळी जागा आहे, तिथे जाळा. माझी सासू उठत नाही. पाणी चढलं तर ती मरेल. याहून सोपं कसं सांगणार?

चैतराम सरपंच लगेच हौ म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला की आम्रपालीला तेव्हाच शंका यायला हवी होती. अनुरागने टाळ्या वाजवायला लावल्या, समुदायानेच तोडगा काढला म्हणून कौतुक केलं. शिबिर आटोपलं तसे लोक पायरी उतरले, ज्याने-त्याने आपापल्या चपला पायात घातल्या आणि ते चालू लागले. मातीतलं वाटोळं कोणाच्या पायाखाली पुसलं गेलं ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपासून झड लागली होती. ढोलाचा आवाज आमराईकडे वळतो का, हे आम्रपाली दारात उभी राहून ऐकत होती. आवाज वळला नाही. तो उताराने सरळ खाली आला.

ती पुलियावर जाऊन आडवी उभी राहिली. एकटीच. टोल्यातले पुरुष आपापल्या दारांतून पाहत होते. त्यांत प्रेमलालही होता, महेंद्रचा चुलतभाऊ. विहारात अंधश्रद्धेवर भाषण करायचं तर प्रेमलालनेच करावं, असा त्याचा लौकिक. आज तो खांबाला टेकून उभा होता.

चैतराम पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट समजूत काढल्यासारखं हसू होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. त्याने सांगितलं की आई ऐकत नाही, गावातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत. वरच्या अंगाला आपली शेतं आहेत, तिकडे पीडा कशी नेणार?

आम्रपाली म्हणाली, "सरपंचभाऊ, तिकडं तुमची शेतं हायेत. इकडं माही सासू हाये."

चैतरामने मागच्या ढोलवाल्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "परंपरा हाये ना वो. आमी आजच सुरू केली का?"

मागच्या पोरांनी ढोल वाढवला. तिच्या दोन्ही बाजूंनी फांद्या, गोधड्या, झाडू खाली पडू लागले. शेवटी नारबोद आली, काजळाचे डोळे पावसाने गालांवर ओघळलेले. या वर्षी तिच्या अंगात पिवळा पोलका होता. तोही आम्रपालीच्याच हातचा. सांगाड्यासकट ती दोन्ही नळ्यांच्या तोंडांवर आडवी जाऊन बसली आणि गाव वळून चालू लागलं. चैतरामही. मागे कोणी पाहिलं नाही.

आता हे सगळं लगेच उपसायचं की नाही? साध्या अकलेची गोष्ट. पण टोल्याचीही एक गंमत होती. देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले, फक्त नारबोदला हात लावायची भीती तेवढी कुठेतरी चिकटून राहिली होती. ताज्या नारबोदला शिवलं तर गावाची सगळी पीडा शिवणाऱ्याच्या अंगावर येते म्हणे. म्हणून दर वर्षी टोला एक दिवस थांबायचा आणि मग उपसायचा. त्या एका दिवसात पाऊस झाला तर बुडायचा. आम्रपालीने घरोघर हाका मारल्या. कोणी म्हणालं पाऊस थांबू दे, कोणी म्हणालं उद्या पाहू. प्रेमलाल म्हणाला, "वहिनी, माहं पोरगं तापानं फणफणून राह्यलं. आजचा दिवस नोको."

तिला वाटलं, याच्या तोंडावर थुंकावं. वरच्यांबद्दलची किळस तिला लहानपणापासून सवयीची होती. आपल्या माणसांबद्दलची किळस नवी होती आणि ती गिळता येत नव्हती.

दुपार व्हायच्या आत पाणी अंगणात आलं, मग उंबऱ्यावर, मग घरात. पाण्यावर पळसाची पानं आणि कोणाच्या तरी गोधडीतला काळा कापूस तरंगत होता. रुख्माबाई दिवाणावरून पाण्याकडे पाहत होती, जणू ओळखीचं कोणी आगाऊ माणूस न बोलावता घरात आलं आहे. दिवाण लोखंडी, खाली लाकडी खण, तो चार माणसांना हलला नसता आणि दारातून निघाला नसता. पाठुंगळीवर घ्यावं तर हाड मोडलेलं. आम्रपालीने तिला नुसतं कुशीवर वळवलं तरी बुढी ओठ चावून पांढरी पडली.

"मले राहू दे," ती म्हणाली. "तू जाय."

 आम्रपालीने कोपऱ्यातली लोखंडी पहार घेतली आणि सडकेकडे छातीएवढ्या झालेल्या पाण्यातून ती पुलियाकडे निघाली. नळ्याच्या तोंडाशी पाणी जागच्या जागी घोळत होतं आणि त्यात नारबोदचं डोकं वरखाली होत होतं. तिने हात घातला. गवत बुळबुळीत झालेलं, गोधड्यांना मुताचा वास, कुठूनतरी आलेलं मेलेलं कोंबडं तिच्या दंडाला चिकटलं. तिला ओकारी आली आणि ती ओकलीसुद्धा, तिथेच, त्याच पाण्यात. मग पहारीने गोधड्या सैल केल्या आणि पुन्हा हात घातला. ओढताना पिवळ्या पोलक्याची बाही फाटली नाही. टाके पक्के होते.

किती वेळ गेला कोण जाणे, पण कधीतरी सांगाड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी दोन हात दिसले. प्रेमलाल. त्याच्या घरातही पाणी शिरलं होतं आणि तापलेलं पोर बायकोने कडेवर घेऊन सडक गाठली होती. त्याने आम्रपालीकडे न पाहता सांगाडा धरला. दोघांनी मिळून हिसका दिला. सांगाडा सुटला आणि नळ्याने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला. पाणी निघालं.

पण ते ओसरायला वेळ लागणार होता, आणि दिवाणापर्यंत चढलेल्या पाण्यात बुढी भिजून काकडत होती. आम्रपालीच्या हातात तो सांगाडा होता: हिरव्या बांबूचा, माणसाच्या लांबीचा, हलका, सुतळीने घट्ट बांधलेला. तिने त्यावरचं गवत ओरबाडलं, लुगडं भिरकावलं, आणि सांगाडा पाण्यावर ढकलत घरात नेला. प्रेमलालला काय करायचं ते कळलं. त्यांनी बुढीला त्यावर सरकवलं, पिवळ्या पोलक्याने आणि घरातल्या दोन लुगड्यांनी बांधलं आणि खांद्यावर घेतलं. रुख्माबाईने एकदा खाली पाहिलं, आपण कशावर आहोत ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने बांबू हाताने घट्ट धरला.

उतार चढून ते वरच्या आळीत आले. मागे टोल्यातली माणसं, पोटाशी पोरं, डोक्यावर गाठोडी. पहिल्या घराच्या ओसरीवरच्या बाईने त्यांना पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. नारबोद वापस आली, असं ती म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. तेवढ्याने पुढची दारं लागत गेली. ज्यांच्या अंगात आम्रपालीने शिवलेले पोलके होते त्या बायका फटीतून पाहत होत्या. पोरांना आत ओढून घेत होत्या. थंडीने निळी पडलेली म्हातारी कोणाला दिसली नाही. तिच्या खालचा बांबू तेवढा सगळ्यांना दिसला.

भवनाच्या ओट्यावर चैतराम उभा होता. त्याची आई चंपाबाई पदर नाकाला लावून मागे. चैतराम म्हणाला की या, बसा, भवन तुमच्याचसाठी आहे. फक्त ते खालचं बाहेर ठेवा. आणि सध्या ओट्यावरच बसा, आत खताची पोती आहेत.

"हाड मोडलं हाये तिचं," आम्रपाली म्हणाली. "थे जसं हाये तसंच आत जाईन."

"गावात भीती पसरन ना वो."

"पसरू द्या."

ती थांबली नाही. प्रेमलालही थांबला नाही. खताच्या पोत्यांमधून वाट काढत त्यांनी सांगाडा भवनाच्या मधोमध टेकवला. पायांतल्या चिखलाने फरशी भरली. चंपाबाई काहीतरी पुटपुटत ओटा उतरून निघून गेली.

दुपार कलता कलता अनुराग आला. शहरात बातमी पोचली होती. त्याने बुढीची विचारपूस केली, खाली वाकून सांगाड्याच्या गाठी पाहिल्या आणि त्याचा चेहरा खुलला. स्थानिक साधनांतून तयार केलेलं स्ट्रेचर! लोकांची क्षमता ती हीच, असं तो म्हणाला. बुढीला आता अंथरुणावर घेतलंच आहे, तर हे जरा ओट्यावर उजेडात ठेवू का, फोटो नीट येईल. आम्रपालीला वाद घालायचीही ताकद नव्हती. त्याने फोटो काढले, पुढच्या शिबिरात नक्की दाखवीन म्हणाला आणि अंधार पडायच्या आत निघून गेला. पुलिया का तुंबली, हे त्याने विचारलं नाही. सांगाडा ओट्यावरच राहिला.

पाणी ओसरतंय, असा निरोप खालून आला. चैतरामच्या घरून चहा आला, कागदी पेल्यांतून, म्हणजे पेले नंतर फेकून देता येतात. आम्रपालीने पेला हातात धरला. तो ऊन होता, तेवढंच बरं. आणि मग ढोल वाजला.

तिने दारातून पाहिलं. ओटा रिकामा होता. परत आलेली पीडा गाव पुन्हा हाकलत होतं. सांगाड्याला कोणीतरी नवं गवत आणि पोतं गुंडाळलं होतं, आणि सगळे उताराने पुलियाकडे निघाले होते. पाऊस अजून थांबला नव्हता.

रुख्माबाईने डोळे उघडले. "कायचा आवाज होय वं?"

"गावाची पीडा घरी पोचवून राह्यले, माय. आपल्या घरी."

बुढीने मान सुनेकडे वळवली. "मंग तू इथं काहून बसली?"

आम्रपालीने चहा तसाच पोत्यावर ठेवला आणि पदर खोचला. प्रेमलाल आधीच पायऱ्या उतरत होता. दोघं सडकेच्या कडेने, बेशरमाच्या झुडपांआडून खाली गेले आणि थांबले. गावाने ओरडून घेतलं, सांगाडा नळ्याच्या तोंडात घातला, हात झटकले आणि पाठ फिरवली. चैतराम सगळ्यांच्या पुढे, मान ताठ.

त्यांची पाठ फिरली तसे हे दोघं पाण्यात उतरले. या वेळी हिसका एकच लागला. दोघांनी नारबोद खांद्यावर घेतली आणि उतार चढत गावाच्या मागोमाग चालू लागले, सरपंचाच्या दुमजली घराच्या दिशेने. त्यांच्या पायांचा आवाज होत होता, गवतातून पाणी ठिबकत होतं. पुढच्या माणसांना ते ऐकू येत असणार. पण मागे वळून कोणीच पाहिलं नाही.